इंटरव्ह्यू चालू आहे

मिसिसागा, 10 मार्च 2026

ती. आई आणि ती. बाबा यांस,


परवा व्हिडिओ कॉलवर बाबांनी विचारलं, "अजून इंटरव्ह्यूच चालू आहे का रे?" आणि चिरंजीव "नेट गेलं" म्हणाले. नेट गेलं नव्हतं. नेटला काहीही झालेलं नाही. एवढ्यासाठीच हे पत्र लिहायला बसले आहे. फोनवर तुमचा मुलगा काही बोलणार नाही, आणि अर्धवट ऐकलं की आईंना रात्रभर झोप लागत नाही. बाबा, चष्मा लावून सगळं मोठ्याने वाचून दाखवा. मधली वाक्यं गाळू नका, नंतर त्या मला विचारतातच.

आधी महत्त्वाचं. आम्ही सगळे मजेत आहोत. माझी नोकरी चालू आहे, घरात काही कमी नाही. फक्त चिरंजीवांच्या त्या सेल्सच्या नोकरीचं घोंगडं नवीन वर्षापासून जे भिजत पडलंय, ते वाळायचं नाव घेत नाही.

कंपनी खोकी बंद करायच्या मशीन विकते. खोकं पट्ट्यावरून आत येतं, वरून-खालून चिकटपट्टी बसते, खोकं पुढे जातं. बस्स, एवढंच. बाबा, तुम्ही नाशिक रोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये लागलात तेव्हा एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमधून नाव गेलं, परीक्षा झाली, मेडिकल झालं, पोलीस व्हेरिफिकेशनला हवालदार घरी येऊन चहा पिऊन गेला, आणि तुम्ही जे आत गेलात ते रिटायर होऊनच बाहेर आलात. 1925 मध्ये सुरू झालेली ती प्रेस. तिथे तिकिटं, स्टॅम्प पेपर छापतात, पासपोर्ट छापतात. शेजारी नोटांचा कारखाना. देशाची तिजोरी ज्यांच्या हातात द्यायची त्यांची पारख तेवढ्यात होत होती. खोक्याला चिकटपट्टी लावणाऱ्या मशीनसाठी माणूस पारखायला मात्र हिवाळा पुरला नाही.

सुरुवात कॉम्प्युटरने केली. म्हणजे अर्ज माणसाने वाचलाच नाही. या वर्षापासून इथे ओंटारिओत नियम झालाय की अर्ज चाळायला एआय वापरत असाल तर जाहिरातीत तसं लिहा. त्यांनी लिहिलं होतं, प्रामाणिक माणसं! पगाराचा आकडाही लिहावा लागतो, पण तो 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा चालतो आणि त्या दोन टोकांत जास्तीत जास्त पन्नास हजार डॉलरचं अंतर ठेवायची मुभा आहे. यांनी ती पुरेपूर वापरली. देवळालीची तोफ आडवी जाईल एवढी फट. शिवाय तो सगळा पगार नव्हेच. अर्धा पक्का आणि अर्धा टार्गेट पूर्ण झालं तर. आई, आपल्या कॉलनीत कोणी विचारलं तर खालचा आकडा सांगा. नाहीतर वरचा सांगून मोकळ्या व्हायच्या आणि पुढच्या महिन्यात कोणीतरी आमच्याकडे उसने मागेल.

मग एचआरच्या बाईंचा फोन, मग मॅनेजर, मग स्वभावाची परीक्षा. त्यात विचारतात, "नकार मिळाला तर तुम्हाला कसं वाटतं?" आणि पाच पर्यायांतला एक निवडायचा. चिरंजीव 'मुळीच वाईट वाटत नाही' वर टिचकी मारणार, तेवढ्यात मी आठवण करून दिली की मागच्या आठवड्यात नातीने त्यांच्या हातची खिचडी नको म्हटली तेव्हा साहेब जेवले नव्हते. शेवटी मधला पर्याय निवडला.

पुढची फेरी मात्र बघण्यासारखी होती. मी स्वयंपाकघरातून सगळी ऐकली. मॅनेजरने खोटा परचेस मॅनेजर व्हायचं आणि यांनी त्याला मशीन विकून दाखवायचं. तो माणूस सुरुवातीलाच म्हणाला, "आमच्याकडे बजेट नाही." इथले उमेदवार यावर काय बोलतात मला ठाऊक नाही. तुमच्या मुलाने अंबड-सातपूरची एमआयडीसी पायाखाली घातलेली. शांतपणे विचारलं, "कधी उघडतं बजेट?" तो म्हणाला, "मी फार बिझी आहे." हे म्हणाले, "हरकत नाही, मी गेटवर थांबतो." पलीकडे शांतता. मग यांनी सांगितलं की कुठल्याही कंपनीत आधी वॉचमनशी ओळख करायची, त्याच्या केबिनमध्ये चहा घ्यायचा. कोणता साहेब प्लांटमध्ये आहे, कोणाचं कोणाशी पटत नाही आणि जुनी मशीन महिन्यातून किती वेळा बंद पडते, हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. मॅनेजरने हे सगळं लिहून घेतलं आणि 'स्टेकहोल्डर मॅपिंग' असं त्याचं नाव ठेवलं. सिन्नर फाट्यापासून अंबडपर्यंत स्कूटरवर धूळ खात केलेल्या कामाला असं भारदस्त नाव मिळालं, याचा साहेबांना इतका आनंद झाला की त्या रात्री त्यांनी भांडी घासली.

तिथेच नेमणूक व्हायला हवी होती. पण नाही. म्हणे, पहिल्या नव्वद दिवसांत काय कराल त्याचा आराखडा करून आणा. हॅमिल्टनपासून ओशावापर्यंत गिऱ्हाईकं कोण, त्यांच्याकडे कुठली मशीन आहे, कोणाला कधी भेटणार. साहेब रात्र-रात्र बसले. मी एकदा डोकावून पाहिलं तर चाळीसेक कारखान्यांची नावं, पत्ते, माणसं, सगळं तयार. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, "अंबडला तू अ‍ॅडव्हान्स आल्याशिवाय कोणाला ड्रॉइंग दिलं होतंस का?" एकदम थांबले. मग आराखडा ठेवला, पण कारखान्यांची नावं काढून 'कारखाना अ, कारखाना ब' केलं आणि खाली लिहिलं, पूर्ण यादी रुजू झाल्यावर. उद्या नोकरी नाही दिली तरी यादी तर त्यांच्याकडे राहिली असती! त्यांनी ती मागितली, यांनी हसून नाही म्हटलं. काही बिघडलं नाही.

मग रेफरन्स. इथल्या बाईंनी दुपारी चारला नाशिकच्या जुन्या साहेबांना फोन लावला. तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे अडीच वाजलेले. तरी ते उठले आणि वीस मिनिटं चिरंजीवांची स्तुती करत होते. त्यांना आमच्यातर्फे कोंडाजीचा चिवडा नेऊन द्या.

आणि यानंतर सगळं थंड. ना फोन, ना मेल. बाबा, तुम्ही म्हणाल कायदा आहे ना. आहे. पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीने मुलाखत घेतलेल्या उमेदवाराला पंचेचाळीस दिवसांच्या आत कळवायचं की निर्णय झाला की नाही. मोठा सज्जन कायदा आहे. पण त्यातली गोम अशी की दिवस मोजायचे ते शेवटच्या मुलाखतीपासून. म्हणजे दर महिन्याला एक नवी मुलाखत ठेवली की घड्याळ पुन्हा शून्यावर! यांच्याबाबतीत मुद्दाम करतात असं मी म्हणत नाही. मला वाटतं, त्यांना स्वतःलाच कळत नाही कोणी ठरवायचं. आपल्या सिंहस्थाला बारा वर्षं लागतात, पण ध्वजारोहण कधी हे आधी जाहीर तरी असतं.

निफाडच्या मामांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "पोरी, लासलगावला ट्रॅक्टर उभा केला की व्यापारी मूठभर कांदा उचलतो, दोन बोटांनी दाबतो आणि मिनिटाभरात भाव पुकारतो. भाव पडलेला असतो, पण भाव कळतो तरी." चिरंजीव बाजूलाच होते. त्यांनी ते ऐकलं आणि मग बराच वेळ खिडकीतून बर्फाकडे बघत बसले.

त्या रात्री मी विचारलं, "अंबडमध्ये नवीन पार्टीला पहिल्यांदा भेटायचास तेव्हा काय-काय विचारायचास?" झोपेत विचारलं तरी यांना पाठ: परचेस ऑर्डरवर सही कोणाची, पैसे मंजूर आहेत का, आणि माल कधी हवा. म्हटलं, मग हे तीन प्रश्न या लोकांना विचारलेस का? इतके दिवस हा माणूस मशीन विकण्यात हुशार आणि स्वतःला विकताना हात जोडून उभा! नोकरी मागायची म्हटली की आपल्या लोकांची मान आपोआप खाली जाते, त्याचा हा प्रकार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेल गेली. अगदी सभ्य. अंतिम निर्णय कोणाचा, आणखी किती टप्पे आहेत, जागा खरंच मंजूर आहे का, आणि कोणत्या तारखेपर्यंत कळेल. मला वाटलं होतं, हात दाखवून अवलक्षण होतंय. पण तासाभरात उत्तर आलं! जागा मंजूर आहे. सही व्हाइस प्रेसिडेंटची. ते सुट्टीवर होते. आता एक भेट त्यांच्याशी आणि एक दिवस त्यांच्या सेल्समनबरोबर गाडीतून फिरायचं. फुकट दिवस द्यायला यांनी नकार दिला, अर्ध्या दिवसावर ठरलं. मॅनेजरने उलट लिहिलं की असे प्रश्न विचारणारा माणूसच त्यांना हवा आहे. हे आधी सांगायला काय झालं होतं, देव जाणे.

शिवाय आता एकाच पार्टीच्या भरवशावर महिना काढायचा नाही, हा जुना नियमही परत लागू झालाय. आणखी दोन ठिकाणी बोलणी चालू आहेत. पैकी एका ठिकाणी मालक स्वतः भेटला आणि पहिल्याच भेटीत पगाराचा नेमका आकडा बोलला. आकडा कमी आहे, पण फट नाही.

व्हाइस प्रेसिडेंटची भेट गुरुवारी आहे. रविवारी इथली घड्याळं एक तास पुढे गेली. आता आपल्यात साडेदहाऐवजी साडेनऊ तासांचं अंतर आहे. म्हणून बाबा, नेहमीच्या वेळी फोन केलात तर नेमका इंटरव्ह्यूच्या मध्ये वाजेल. शुक्रवारी करा.

आणि आई, तुम्ही मुक्तिधामला जाऊन आलात आणि बिटकोवरून पेढ्यांची ऑर्डरही देऊन ठेवलीत, असं जेल रोडच्या मावशींकडून कळलं. ऑर्डर रद्द होत नसेल तर पेढे वाटून टाका, पण नातीच्या नावाने वाटा. ती परवा पोहण्याच्या परीक्षेत पास झाली, आणि तिचा निकाल त्याच दिवशी लागला.

तुमची,
सून