सूर्यनारायण, दोन बाय दोन

कोथरूडच्या किंवा डोंबिवलीच्या एखाद्या टू बीएचकेमध्ये, छोट्या बेडरूमच्या कोपऱ्यात, इस्त्रीचं टेबल हलवून एक काळा तंबू उभा केलेला असतो. लांबी-रुंदी दोन बाय दोन फूट, उंची माणसाएवढी. चेन उघडली की आत चकचकीत चंदेरी अस्तर, वर ॲल्युमिनियमच्या चौकटीला लावलेल्या एलईडीच्या पट्ट्या, बाजूला सतत घुंई करणारा पंखा आणि तळाशी, या सगळ्या लवाजम्यात जरा ओशाळल्यासारखी, कोथिंबीर. या तंबूच्या मालकाला लोक हौशी माळी समजतात, आणि घोटाळा तिथेच होतो. माळी म्हणून हिशेब मांडला तर हा माणूस वेड्यात निघतो. प्रत्यक्षात त्याला झाडं लावायची नसतातच. त्याला दिवा करायचा असतो, आणि नुसता दिवा करत बसलेल्या प्रौढ माणसाला आपल्याकडे घरात मान नाही, म्हणून खाली कोथिंबीर ठेवावी लागते.

पुरावा त्याच्या खरेदीत सापडतो. बी तो कोपऱ्यावरच्या वाण्याकडून धने आणून भागवतो. कोणत्या जातीचे, हे वाण्यालाही ठाऊक नसतं. पट्ट्या आणि त्यांना करंट पुरवणारा ड्रायव्हर यांच्यासाठी मात्र पुणेकर असेल तर तपकीर गल्लीत आणि मुंबईकर असेल तर लॅमिंग्टन रोडला तो शनिवारच्या शनिवार घालवतो. (लॅमिंग्टन रोडचं नाव डॉ. भडकमकर मार्ग झालं, हे तिथे सोल्डर घ्यायला जाणाऱ्या कोणाच्या गावीही नाही.) चिप सॅमसंगची एलएम301बी की 301एच, यावर तो तासभर बोलू शकतो. कुंडीतल्या मातीबद्दल विचारलं तर म्हणतो, 'माती आहे.'

दुसरा पुरावा आकड्यांचा. पानांच्या कामाचा प्रकाश साधारण 400 ते 700 नॅनोमीटरमधला, आणि तो मोजायचा मायक्रोमोलमध्ये. भर दुपारचं ऊन दर चौरस मीटरला, दर सेकंदाला सुमारे 2000 मायक्रोमोल देतं. चांगली पट्टी एका वॉटला सेकंदाला अडीच मायक्रोमोलच्या आसपास देते. म्हणजे त्या दोन बाय दोनच्या डब्यात माध्यान्हीचा सूर्य उभा करायचा तर 300 वॉट लागतील. कोथिंबिरीला माध्यान्ह नको असते; दिवसाला सोळा तास 60 वॉट तिला पुष्कळ झाले. आपला गृहस्थ बांधतो 240 वॉटचा दिवा. मग पानं करपायला लागली की डिमरचं बटण पिळून तो पावपटीवर चालवतो. ही उधळपट्टी म्हणावी तर त्याच्याकडे उत्तर तयार असतं, आणि पंचाईत अशी की ते खरं असतं: कमी करंटवर चालवलेली एलईडी दर वॉटला जास्त प्रकाश देते, कमी तापते आणि जास्त टिकते. चारपट मोठा दिवा बांधून एक चतुर्थांश चालवणं, हे त्याच्या मते काटकसरीचं लक्षण.

आता पहिला आक्षेप, जो घरातली वडीलधारी मंडळी पहिल्याच दिवशी घेतात: महाराष्ट्रात ऊन काय रेशनवर मिळतं? आक्षेप वजनदार आहे. उत्तरेकडे तोंड असलेल्या गॅलऱ्या, समोर चिकटून उभ्या राहिलेल्या इमारती, जुलै-ऑगस्टचं झाकोळलेलं आभाळ ही कारणं तो पुढे करतो, आणि पुष्कळ फ्लॅटना ती लागूही पडतात. पण ज्याची गच्ची उन्हात न्हाऊन निघते तोही तंबू आतच लावतो, त्यामुळे ही वकिली टिकत नाही. खरं कारण असं की उन्हात त्याला करण्यासारखं काही उरत नाही. सूर्याची तार कापता येत नाही, त्याला डाग देता येत नाही, त्याचा रंग बदलून बघता येत नाही. एलईडीत येतो. आधी तो लाल-निळ्या दिव्यांच्या भरीला पडतो, कारण हिरवा प्रकाश पानं परत टाकतात असं शाळेत शिकवलेलं असतं. खिडकीतून रात्रभर जांभळा उजेड सांडतो आणि सोसायटीत कुजबुज सुरू होते. मग त्याला कीथ मॅक्री भेटतो. मॅक्रीने 1972 मध्ये बावीस जातींच्या पिकांची पानं तपासून दाखवलं होतं की हिरवा प्रकाशही पानं बऱ्यापैकी वापरतात. त्या रात्री जांभळ्या पट्ट्या उतरतात, पांढऱ्या चढतात. धंदा करणारा माळी असता तर पन्नास वर्षांपूर्वीच्या शोधनिबंधासाठी त्याने चालता दिवा मोडला नसता.

कुजबुजीचंही बघून टाकू. काळा तंबू, वास ओढणारा पंखा आणि बंद दार म्हटलं की लोकांच्या मनात गांजाच येतो, आणि 1985 च्या अमली पदार्थ कायद्याखाली ती चेष्टेची गोष्ट नाही. पण या माणसावर तो संशय घेणं म्हणजे त्याला ओळखलं नाही असंच म्हणायचं. गांजावाला दार बंद ठेवतो. हा दार उघडून पाहुण्याला आत खेचतो, आणि चहा निवेपर्यंत ड्रायव्हर समजावतो.

आणि समजावण्यासारखं त्यात आहे, हे मान्य करायला हवं. ड्रायव्हर ठरावीक करंट सोडतो, तो समांतर जोडलेल्या पट्ट्यांनी वाटून घ्यायचा. जी पट्टी जास्त तापते तिला कमी व्होल्टेज पुरतो, म्हणून ती जास्त करंट ओढते, म्हणून आणखी तापते. सोसायटीच्या कमिटीत जो एकदा टँकरचं बघतो त्याच्याच गळ्यात पुढे लिफ्ट, गणपती आणि ऑडिट पडतं, तसंच हे. शेवटी ती पट्टी जाते आणि तिचा वाटा उरलेल्यांच्या डोक्यावर बसतो. उपाय म्हणून सगळ्या पट्ट्या एकाच जाड ॲल्युमिनियमवर बसवायच्या, म्हणजे तापमान सारखं राहतं. कोथिंबिरीपायी इतकं कोणी शिकत नाही.

खर्चाचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. सोळा तास 60 वॉट म्हणजे दिवसाला जवळजवळ एक युनिट. युनिटला 10 रुपये आणि पिकाला 45 दिवस धरले तर नुसत्या विजेचे साडेचारशे. चार-पाच जुड्या निघाल्या तर जुडी शंभराच्या घरात, आणि यात दिवा, तंबू, पंखा अजून आलेच नाहीत. तयार दिवा विकत आणला तरी स्वस्त पडतो, असंही कोणी म्हणेल. पण सतार शिकणाऱ्याला आपण कॅसेट आणून देत नाही. केशराच्या नावाने असेच तंबू लावून लाखोंची स्वप्नं विकणारे निघाले आहेत. ते वेगळे, त्यांना मिळकत हवी. आपल्या माणसाने आजवर एक काडीही विकलेली नाही, आणि माझ्या लेखी हेच त्याचं सर्वांत भक्कम प्रमाणपत्र आहे.

एका बाबतीत त्याची बाजू घेता येत नाही. मायक्रोमोलच्या दशांशावर जीव टाकणारा हा माणूस अर्थिंगकडे काणाडोळा करतो. थ्री पिन लावली की झालं, असं त्याला वाटतं. जुन्या इमारतीत बोर्डाच्या तिसऱ्या भोकामागे कित्येकदा तारच नसते. त्यात बाजारात बिनड्रायव्हरचे स्वस्त एलईडी बोर्ड मिळतात, ज्यांत 230 व्होल्ट थेट त्या पातळ पत्र्यावरच्या सर्किटमध्ये खेळतात, आणि खाली हा झारीने पाणी घालत असतो. चौकटीला अर्थ, स्विचबोर्डाच्या मागे गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी आणि पाणी घालताना प्लग बाहेर, एवढं त्याच्याकडून घरच्यांनी करून घ्यावं. बाकी त्याला त्रास देऊ नये.

कारण पीक आल्यावर तो जे करतो, त्यात त्याची सगळी बाजू येऊन जाते. माळी पुढचं बी पेरतो. हा शेजारच्या काकूंना जुडी देऊन येतो, 'केवढ्याला पडली रे?' या प्रश्नाला मायक्रोमोलमध्ये उत्तर देतो, आणि घरी येऊन रिकाम्या कुंडीवरचा दिवा उतरवतो. पुढच्या पट्ट्या आधीच मागवलेल्या असतात.