नग : एक

मतदार हा लोकशाहीचा राजा आणि ग्राहक हा बाजाराचा राजा, असे आपणांस लहानपणापासून पढविण्यात येत असल्यामुळे, या दोहोंपैकी निदान दुसऱ्या राजास तरी पदरचे रोख पैसे मोजून मनपसंत वस्तू विनातक्रार घरी आणता येत असेल, अशी जी एक भाबडी समजूत सुशिक्षित मध्यमवर्गात अद्यापि टिकून आहे, ती ज्यांस अबाधित राखावयाची असेल त्यांनी 'बिझनेस क्लास' या नावाने ओळखला जाणारा लॅपटॉप स्वतःच्या नावावर खरीदण्याच्या भानगडीत पडू नये. भिंतभर टीव्ही घ्यावा, मोटार घ्यावी, कर्ज काढून गच्चीसह सदनिका घ्यावी. या सर्व व्यवहारांत विक्रेता आपणांस माणूस म्हणून ओळखतो. हे एकच यंत्र असे आहे की, ते मागावयास गेलेल्या मनुष्यास प्रथम आपण मनुष्य नसल्याचा पुरावा हजर करावा लागतो.

लॅपटॉपांच्या सृष्टीत दोन वर्ण आहेत. पहिला संस्थांसाठी जन्मास येतो. १९९२ साली आयबीएमने रिचर्ड सॅपर या जर्मन अभिकल्पकाच्या हातून, जपानी जेवणाच्या डब्यावरून सुचलेला, काळा, चौकोनी, निर्विकार थिंकपॅड बाजारात आणला. १९९४ साली डेलचा लॅटिट्यूड आला. २००५ साली थिंकपॅडचे सारे वतन आयबीएमकडून लेनोव्होच्या नावे झाले. २००८ साली एचपीने एलिटबुक काढला. परंतु मालक बदलले, नावे वाढली, तरी या घराण्याचा कुलाचार फारसा ढळला नाही. कळफलक असा की दिवसभर लिहिणाऱ्याची बोटे कुरकुरू नयेत. त्यावर पाणी सांडले तर ते तळाच्या छिद्रांतून वाहून जावे, अशी पुष्कळ नमुन्यांत तजवीज. तळाचे स्क्रू सैल केले तरी निसटून पलंगाखाली गडप होऊ नयेत, अशी योजना. दुरुस्तीची सचित्र पोथी कोणासही वाचावयास खुली. आणि बहुधा तीन वर्षांची हमी, जिच्या अन्वये बिघाड झाल्यास कारागीर स्वतः हत्यारे घेऊन दाराशी येतो.

दुसरा वर्ण गृहस्थांसाठी. त्याची कांती गुलाबी, सोनेरी अथवा आकाशी. कळांखाली सप्तरंगी रोषणाई. पडदा असा चकचकीत की त्यात हिशेबापेक्षा स्वतःचे मुखकमलच अधिक स्पष्ट दिसावे. तळहात टेकण्याच्या जागी गुणवर्णनाच्या चार-सहा चिकटपट्ट्या. महिनाभर फुकट पहारा देऊन नंतर रोज खंडणी मागणारा विषाणुनाशक. सणासुदीस वर पाठपिशवी. आणि एका वर्षाची हमी, जिची मुदत आणि बिजागरीचे आयुष्य यांची सांगड घालणाऱ्या अज्ञात गणितज्ञाचा एखाद्या विद्यापीठाने सत्कार करावयास हवा. न्यायाने हेही नमूद केले पाहिजे की, पडद्याच्या तेजात हा दुसरा वर्ण पुष्कळदा पहिल्यास मागे टाकतो. संस्थांच्या स्वस्त नमुन्यांतील पडदे असे मलूल असतात की त्यांवर वाढदिवसाचे छायाचित्रही शोकसभेचे भासावे.

आता या वर्णव्यवस्थेतील खरी गंमत पाहा. ज्या अधिकाऱ्याच्या हाती पहिल्या वर्णाचे यंत्र पडते, त्याने त्यासाठी दमडी मोजलेली नसते, ते मोडले तर दुसरे मिळण्याची त्यास खात्री असते, आणि त्या मजबूत बिजागरीचा व सुखद कळफलकाचा उपयोग तो बहुशः 'नोटेड' एवढा एक शब्द लिहून खाली आपल्या हुद्द्याची सात ओळींची वंशावळ जोडण्याकडे करतो. उलटपक्षी ज्याने वर्षभर शिल्लक टाकून, हप्ते बांधून, पत्नीची संमती मिळवून यंत्र घ्यावयाचे, आणि पुढे ते मुलीच्या प्रकल्पापासून वडिलांच्या पेन्शनीच्या दाखल्यापर्यंत सर्वांच्या हातांतून जाऊ द्यावयाचे, त्याच्या वाट्यास मात्र नाजूक वस्तू यावी! यात केवळ उत्पादकाची लबाडी आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. संस्थेचा खरेदीदार तीन वर्षांच्या देखभालीचा खर्च मांडून बसतो, तर गृहस्थ दुकानातील दिव्यांच्या लखलखाटात रंग पाहून आणि शेजारच्या यंत्रापेक्षा किती हजारांनी स्वस्त हे विचारून पाकीट काढतो. उत्पादकांनी दोघांच्याही नजरा कोठे खिळतात हे ओळखले आणि जेथे नजर जात नाही तेथला पैसा वाचविला, एवढाच त्यांचा अपराध.

परंतु एखादा गृहस्थ रंग न पाहता बिजागरी पाहू लागला, तर काय होते?

आमचे एक स्नेही दादर येथे राहतात. मुख्याध्यापकीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी मोडी कागदपत्रांचे देवनागरीत लिप्यंतर करण्याचे काम अंगावर घेतले असून, सनदा, महजर आणि ताकीदपत्रे यांच्या सहवासात त्यांचा दिवस जातो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत टंकलेखन करावयाचे म्हणून त्यांनी उत्तम कळफलकाचे यंत्र घेण्याचा निश्चय केला. एक-दोन ठरावीक नमुने ऑनलाइन दुकानांत होते, नाही असे नाही. परंतु यांस हवी तेवढी मेमरी आणि हवा तो पडदा मागितला, की 'खरेदी करा' हे बटण अंतर्धान पावे आणि त्या जागी 'दरपत्रक मागवा' असे बटण प्रकट होई. ते दाबल्यावर एक अर्ज आला. संस्थेचे नाव, अर्जदाराचा हुद्दा, उद्योगाचा प्रकार, आणि कर्मचाऱ्यांची संख्या. या शेवटच्या रकान्यात सर्वांत लहान पर्याय 'एक ते एकोणपन्नास' असा होता. असत्य लिहिणे मुख्याध्यापकांच्या रक्तात नाही. त्यांनी कायद्याचा आधार शोधला. हिंदू अविभक्त कुटुंब ही प्राप्तिकर कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती असून तिच्या प्रमुखास 'कर्ता' म्हणतात, हे त्यांस ठाऊक होते. म्हणून संस्थेच्या रकान्यात कुटुंबाचे आडनाव, हुद्द्याच्या रकान्यात 'कर्ता', आणि कर्मचाऱ्यांच्या रकान्यात, घरातील चार माणसे व धुणेभांडी करणाऱ्या मावशी धरून, उपरोक्त एक ते एकोणपन्नास, अशी त्यांनी प्रामाणिक नोंद केली.

दुसऱ्याच दिवशी एका तरुण विक्रेत्याचा फोन आला. तो संवाद आमच्या समक्ष झाला असल्यामुळे येथे जसाच्या तसा देतो.

"सर, आपली रिक्वायरमेंट किती नगांची आहे?"

"एक."

"म्हणजे पहिल्या फेजला एक?"

"पहिल्याही आणि शेवटच्याही."

पलीकडे काही क्षण निःशब्दता पसरली. "सर, मग आपण आमची होम रेंज बघा ना. कलर्स खूप छान आलेत."

"बाळ, मला रंग नको आहेत. कळफलक हवा आहे."

"ओके सर. मग आपल्या आयटी टीमशी बोलता येईल का?"

"आयटी टीम शाळेत गेली आहे. साडेबाराला येईल."

विक्रेता विनयशील होता. त्याने वरिष्ठांना विचारून कळवितो असे आश्वासन दिले आणि जाताजाता जीएसटी क्रमांक मागितला. या क्रमांकातच सारे मर्म दडलेले आहे. लॅपटॉपवर वस्तू व सेवा कर १८ टक्के. नोंदणीकृत व्यापारी धंद्यासाठी यंत्र घेतो तेव्हा हा भरलेला कर त्यास पुढे आपल्या देण्यातून वळता करून घेता येतो. शिवाय संगणकावर वर्षास ४० टक्के घसारा धरण्याची मुभा असल्यामुळे त्याचे करपात्र उत्पन्नही घटते. आणि एकगठ्ठा खरेदीची सवलत ती आणखी वेगळी. तात्पर्य, टिकाऊ यंत्र संस्थेस स्वस्त पडते आणि तकलादू यंत्र गृहस्थास महाग. सरकारी धोरणात गृहस्थाच्या बाजूने काहीच नाही असे मात्र नव्हे. त्याच्या हाती जे बिल येते त्यात केंद्राचे नऊ आणि राज्याचे नऊ टक्के स्वतंत्र ओळींत, सुवाच्य अक्षरांत छापलेले असतात.

स्नेह्यांच्या शेजारी एक करसल्लागार राहतात. त्यांनी उपाय सुचविला की, घरच्या घरी आस्थापना काढावी. मुंबईत गुमास्ता काढणे आता कठीण राहिलेले नाही, उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर विनाशुल्क होते, २०१३ च्या कंपनी कायद्याने तर एकट्या माणसाचीही कंपनी स्थापन करता येते, आणि जीएसटी क्रमांक स्वेच्छेने घेण्यास कोणाची हरकत नाही. हरकत नाही खरी. परंतु एकदा तो क्रमांक घेतला की रुपयाची उलाढाल नसली तरी शून्याचे विवरणपत्र नियमितपणे दाखल करावे लागते, आणि ते शून्य सादर करण्यास विलंब झाल्यास दररोज वीस रुपये विलंब शुल्क पडते. पेशवे दफ्तरातील नाना तऱ्हांच्या पट्ट्या आणि बाबती वाचून ज्यांचे डोळे निवले आहेत, त्या आमच्या स्नेह्यांसही शून्यावरचा दंड हा प्रकार अपूर्व वाटला.

याहून अपूर्व गोष्ट पुढेच आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये, व्यापारी हेतूने माल घेणारा हा 'ग्राहक' या व्याख्येतच बसत नाही. केवळ स्वयंरोजगारावर उपजीविका करणाऱ्यास त्यातून सूट आहे. म्हणजे गृहस्थाने उत्तम यंत्र मिळावे म्हणून संस्थेचा अंगरखा चढवावा, आणि यंत्र सदोष निघाल्यास ग्राहक आयोगापुढे उभे राहताना तोच अंगरखा घाईघाईने उतरवून आपण मूळचे गृहस्थच असल्याची शपथ वाहावी! करसल्लागारांचे मत असे पडले की, दोन्ही वेळी वेगवेगळे वकील करावेत.

बरे, समजा हे सर्व दिव्य पार पडले आणि यंत्र घरात आले. त्याच्या अंगी जे गुण आहेत त्यांतील कित्येक असे की, त्यांचा उपभोग घेण्यास घरात कचेरी असावी लागते. व्हीप्रो नामक सिद्धी असलेले यंत्र बंद स्थितीतही, विजेशी व जाळ्याशी जोडलेले असेल तर, दूर बसलेल्या व्यवस्थापकास जागे करून दुरुस्त करता येते. घरी हा व्यवस्थापक कोण, हे पद रिक्तच राहते, आणि बंद असतानाही कोणी तरी लक्ष ठेवून आहे ही कल्पना विवाहित पुरुषांस तितकीशी नवीन नसल्यामुळे तिचे कौतुकही होत नाही. काही नमुन्यांच्या बाजूस ओळखपत्र सरकविण्याची एक खाच असते. शाळेतून परत आलेल्या आयटी टीमने तीत काय काय सरकविले असते, त्याची कल्पनाच केलेली बरी. साखळीने मेजास जखडण्यासाठी एक छिद्रही असते. ज्या घरात चार्जर साखळीने बांधण्याची गरज आहे, तेथे यंत्र बांधून काय साधणार?

आणि ती सुप्रसिद्ध लष्करी कसोटी! 'मिल-स्टँडर्ड ८१०' ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याची चाचणीसंहिता प्रथम १९६२ साली निघाली. उष्णता, थंडी, धूळ, दमटपणा, कंप आणि आघात यांचा मारा करून सामग्री कशी तग धरते ते पाहण्याच्या पद्धती तीत दिलेल्या आहेत. लॅपटॉपाच्या जाहिरातीत हे नाव वाचल्यावर एखादा सेनापती स्वतः यंत्र आपटून पाहत असल्याचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. वस्तुतः खाते कोणास प्रमाणपत्र देत नाही. संहितेतील कोणत्या चाचण्या घ्यावयाच्या हे उत्पादक ठरवितो, त्या तोच घेतो वा पदरच्या प्रयोगशाळेकडून घेववितो, आणि उत्तीर्ण झाल्याचे वर्तमानही तोच देतो. मुख्याध्यापकांस या परीक्षापद्धतीत आपल्या काही जुन्या संस्थाचालकांची आठवण झाली. त्यातून हमीपत्राची बारीक अक्षरे वाचली असता आढळते की, वाळवंटातील धूळ आणि हिमालयातील थंडी सोसणाऱ्या या वीरास आपल्या हातून पडून इजा झाल्यास ती सर्वसाधारण हमीत बसत नाही. अपघाताचे संरक्षण हवे असल्यास त्याचे पैसे निराळे.

अखेर स्नेह्यांनी तोच मार्ग पत्करला जो अशा प्रसंगी पुष्कळ सुज्ञ लोक पत्करतात. संस्था आपली यंत्रे तीन-चार वर्षांनी मोडीत काढतात, त्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे व्यापारी उचलतात, आणि दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रोड अथवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड येथे ती 'ए ग्रेड', 'बी ग्रेड' अशा श्रेण्या लावून मांडली जातात. येथे मात्र हुद्दा कोणी विचारत नाही. सावध राहावयाचे ते इतकेच की, जुन्या मालकाचा बायॉस पासवर्ड राहून गेलेला नसावा, बॅटरी किती झिजली आहे ते पाहावे, आणि प्रोसेसर फार जुना नसावा; कारण विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून, इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतची बहुसंख्य यंत्रे विंडोज ११ च्या अधिकृत पंक्तीस बसत नाहीत. स्नेह्यांस हवा तो कळफलक नव्या किमतीच्या लहानशा अंशात मिळाला. झाकणावर कोण्या बड्या कंपनीच्या मालमत्तेचा क्रमांक अद्याप डकवलेला आहे, आणि ते तो खरवडून काढावयास तयार नाहीत. दस्तऐवजावरील जुना शिक्का पुसू नये, हा त्यांचा व्यवसायधर्म.

प्रकरण येथे मिटावयास हवे होते. परंतु एकदा संस्था म्हणून नोंद झालेल्या कुटुंबास पुन्हा माणसांत येण्याची सोय त्या अर्जात नव्हती. हल्ली कर्त्यांस 'आपल्या संस्थेच्या डिजिटल परिवर्तना'विषयी चर्चासत्रांची निमंत्रणे येतात, उपाहारासह. परवा त्याच विक्रेत्याचा फोन आला की, तिमाही संपत असल्याने पंचवीस नगांवर खास भाव मंजूर झाला आहे. अंतिम निर्णय कोण घेतात, आयटी हेड की फायनान्स? "फायनान्स," असे क्षणाचाही विलंब न लावता सांगून स्नेह्यांनी फोन वहिनींच्या हाती दिला. वहिनींनी पंचविसांचा भाव, हमी, पिशवी येते की नाही, हे सर्व शांतपणे ऐकून घेतले, आणि विचारले,

"जुनं घेता का? आणि वर काय द्याल?"