कादंबरी आखणारे सर

धर्मापुरीत केदारेश्वराचं देऊळ बघायला कुणी पाहुणा आला की सर आपण होऊन त्याच्याबरोबर निघतात. देऊळ कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं. भिंतीवरच्या एखाद्या सुरसुंदरीपुढं थांबून सर सांगतात, "ही माझ्या चौथ्या प्रकरणात आहे."

"अरे वा! पुस्तक कुठं मिळेल?"

"लिहायचंय अजून. आखणी चाललीय."

आखणी कसून चाललीय. नायक आहे हे देऊळ घडवणारा शिल्पी, आणि त्याची सात पिढ्यांची वंशावळ तयार आहे. त्याच्या आत्याच्या नवऱ्याला गूळ चालत नसे, याचीसुद्धा नोंद आहे. आत्या कादंबरीत कुठंच नाही. खलनायकासाठी हिरवी शाई ठरलेली. पण हिरवी रिफील गावात मिळेना आणि अंबाजोगाईला जाणं होईना, म्हणून त्याची कटकारस्थानं उन्हाळ्यापासून थांबली आहेत.

वह्या पुरेनात तेव्हा सरांना फ्लेक्स सुचला. बीड जिल्ह्यात त्याला काय तोटा! वाढदिवस उलटलेला एक दहा फुटी फ्लेक्स त्यांनी आणला, पांढरी पाठ पुढं करून ओसरीत टांगला आणि मार्करनं चौकटी आखल्या. सकाळी मागून ऊन आलं की 'नायिकेचा विलाप' या चौकटीत नेत्याचा हसरा चेहरा उमटतो.

सरांकडं दाखले भक्कम असतात. फॉकनरनं 'अ फेबल'चा आराखडा मिसिसिपीतल्या आपल्या घराच्या भिंतीवरच लिहिला होता. रोलिंगबाईंनी हॅरी पॉटरच्या पाचव्या भागासाठी हातानं रकाने आखले होते. दोघांनी पुढं पुस्तकंही लिहिली आणि 'अ फेबल'ला १९५५ चं पुलित्झर मिळालं, हा भाग सर जरा घाईत उरकतात. नेमाड्यांनी 'कोसला' दोनेक आठवड्यांत लिहून काढली, हा विषय तर त्यांच्यापुढं काढूच नये. हरिभाऊ आपटे 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः कादंबऱ्या लिहीत, याचं मात्र त्यांना मनापासून वाईट वाटतं. बिचाऱ्यांना आखायला वेळ मिळाला नसणार.

घरचा दाखला अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांचा. चाळीस फूट लांब, चार फूट रुंद पासोडी! "एवढा मोठा आराखडा मराठीत दुसरा नाही," असं सर एकदा बोलून गेले. मराठी शिकवणारे एक निवृत्त गुरुजी शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "सर, तो आराखडा नव्हे. त्यावर अख्खं 'पंचीकरण' लिहिलंय."

सरांनी चहा मागवला.

"केदारेश्वराचं देऊळ काय आखल्याशिवाय उभं राहिलं?" हा त्यांचा शेवटचा मुद्दा. त्यावर हॉटेलवाला कपबशा विसळता विसळता म्हणाला, "खरंय सर. पण त्यायनी बांधलं बी."

यंदा सोयाबीन काढून अंगणात ढीग लागला आणि रात्री पाऊस आला. सरांच्या घरच्या बाईंनी हाताला लागलं ते ओढून ढिगावर टाकलं. सकाळी सर बाहेर आले, तर पहिला खंड दगडांखाली दबलेला, मधल्या प्रकरणांवर पाण्याचं तळं.

"अहो, सोयाबीन कोरडं राहिलं बघा," बाई म्हणाल्या. "कामाची वस्तू आणली होती तुम्ही."

सरांनी वाकून पाहिलं. मार्कर पक्का निघाला होता, अक्षर पुसलं नव्हतं. पण चौथ्या प्रकरणाला भलंमोठं भोक पडलं होतं. आता सगळी आखणी नव्यानं करावी लागणार, असं ते दुपारी हॉटेलात सांगत होते. चेहऱ्यावर दुःख म्हणाल तर नव्हतं. नवा फ्लेक्स लागेल, पण पुढच्या महिन्यात कुणा ना कुणा नेत्याचा वाढदिवस आहेच.