गिटारचे बहार

संत्र्याला वर्षात मुख्य बहार दोन, आंबिया आणि मृग. नागपुरात जुन्या इलेक्ट्रिक गिटारींनाही दोनच. एक मेच्या अखेरीस येतो, इंजिनिअरिंगचे शेवटच्या वर्षाचे पोट्टे होस्टेल रिकामं करतात तेव्हा. दुसरा दिवाळीच्या सफाईत, कुणाची तरी आई माळ्यावर हात घालते तेव्हा. आमच्यासारखे शौकीन या दिवसांत मोबाइल उशाशी घेऊन झोपतात. एरवी माल तुरळक. कुणाचं लग्न ठरलं किंवा कुणाला पुण्याला जॉइनिंग आलं, तरच.

विकण्याचं कारण मी विचारत नाही, पण लोक सांगितल्याशिवाय राहत नाहीत. ‘भाऊ, वेळच नाही मिळून राहिला’ हे सर्वांत लोकप्रिय. पाठोपाठ अभिमानाने, ‘घेतल्यापासून दोनदाच वाजवली.’ सतार वाजवून वाजवून खुलते म्हणतात. आमच्या व्यवहारात जिला कुणी हात लावला नाही, ती हजार-दोन हजारांनी महाग.

एकदा सक्करदऱ्याला ‘ओरिजिनल गिब्सन’ बघायला गेलो. हेडस्टॉकवरचं नाव नीट वाचलं, तर मधलं अक्षर ब नव्हे, व. गिवसन, कोलकात्याची. तिला नावं ठेवायचं कारण नाही, आमच्या पिढीतल्या कितीतरी पोरांची बोटं तिच्याच तारांनी सोलली आहेत. पण मालक किंमत गिब्सनची मागत होता. मी अक्षरावर बोट ठेवलं, तर म्हणाला, ‘एका अक्षरानं काय फरक पडते बाप्पा?’ मी म्हटलं, ‘निदान एका शून्याचा.’

मनीषनगरातल्या दुसऱ्या एकाकडे स्क्वायरची स्ट्रॅटोकास्टर होती, ‘मामानं अमेरिकेतून आणलेली’. स्क्वायर हा फेंडरचाच स्वस्तातला ब्रँड. सीरियल नंबर आयसीएसने सुरू होत होता, म्हणजे इंडोनेशिया. पुढचे दोन आकडे १९, म्हणजे साल. मामा अमेरिकेत असतीलही, गिटार जन्माने इंडोनेशियाची. मी काही बोललो नाही. घासाघीस चालू असताना समोरच्याच्या मामाविषयी बोलू नये, भाव चढतो.

त्या गिटारीची खरी गंमत तिच्या मानेवर होती. जिच्यावर बोटं फिरतात ती फिंगरबोर्डची पट्टी अशा गिटारींत पूर्वी बहुधा शिसवीची असे. २०१७ मध्ये शिसवीच्या जातकुळीवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले आणि गिटार देशाबाहेर पाठवायची तर कागदपत्रांचा ढीग लागू लागला. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, पण तोवर कंपन्या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या होत्या. स्क्वायरच्या बऱ्याच गिटारींवर आलं ते इंडियन लॉरेल. हे भारदस्त नाव म्हणजे आपला ऐन! पेंच-ताडोबात वाघ दिसला नाही की गाइड ज्याची चौकटी-चौकटींची साल दाखवून आपलं समाधान करतो, तोच. भंडारा-गडचिरोलीकडे ज्याच्या पाल्यावर टसरचे किडे पोसतात, तोही हाच. म्हणजे कॅलिफोर्नियाच्या कंपनीची, इंडोनेशियात घडलेली ही बाई मनीषनगरात आली ती जवळपास माहेरीच.

माहेर मात्र कडक. मेमध्ये पारा ४५ च्या आसपास गेला की हवेतली ओल पार संपते आणि लाकूड आक्रसतं. पट्टीवरचे आडवे फ्रेट धातूचे, ते आक्रसत नाहीत. मग त्यांची टोकं पट्टीच्या कडेने बाहेर डोकावू लागतात आणि हात मानेवरून सरकवला की ओरखडे उठतात. मी बघायला गेलो की आधी कडेवरून बोट फिरवतो, ‘आई गं’ म्हणतो, आणि मालक पाचशे कमी करतो. ऑगस्टपर्यंत पावसाची ओल पिऊन लाकूड फुगतं, टोकं आत जातात. मानेतल्या ट्रस रॉडला अ‍ॅलन कीने पाव फेरा दिला की मानही सरळ. म्हणून खरेदी मेमध्ये, विक्री ऑगस्टमध्ये. मधल्या काळात त्या पाव फेऱ्याशिवाय मी काहीही केलेलं नसतं.

काही जण गिटार कूलरसमोर ठेवतात. ओल लाकडाला मानवते, पण तारा गंजतात आणि व्हॉल्यूमचं बटण खरखरायला लागतं. शिवाय कूलर गिटारीला दिला की माणसांच्या वाट्याला पंखा येतो. हा वाद आमच्या घरी एकदा उपस्थित झाला. निकाल माझ्याविरुद्ध गेला आणि अपिलाची सोय नव्हती.

घेणं सोपं, विकणं अवघड. परवा इतवारीतले एक गृहस्थ अकरावीतल्या मुलाला घेऊन ती स्क्वायर बघायला आले.

‘किती चालली?’ पहिला प्रश्न.

‘घरातच असते,’ मी म्हटलं.

‘सेकंड ओनर?’

‘थर्ड.’

त्यांनी तारेला टिचकी मारली. ‘हिचा आवाज कुठं गेला?’

मी सांगितलं, आवाजासाठी अ‍ॅम्प लागतो.

‘म्हणजे लाइट गेली तं बंद?’

‘हो.’

‘अन् तो अ‍ॅम्प यातच आला ना?’

‘नाही, तो वेगळा.’

‘म्हणजे बाजा तुम्ही विकून राहिले, आवाज आम्ही दुसरीकडून आणायचा!’

इलेक्ट्रिक गिटारीची इतकी नेमकी व्याख्या मी कुठे वाचलेली नाही.

‘बरं, वाजवून तं दाखवा.’

आता, मला गिटार बेताचीच येते. हातात आलेली प्रत्येक गिटार ऑगस्टमध्ये जाते, सराव करायचा कधी? मी त्यांना सांगितलं की १९५४ साली ही स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणणाऱ्या लिओ फेंडरलाही गिटार वाजवता येत नव्हती, तो मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस.

‘पण त्यानं विकल्या ना?’ गृहस्थ म्हणाले.

नाइलाजाने अ‍ॅम्प लावला आणि मला येतो तो एकुलता एक तुकडा वाजवला. मुलगा म्हणाला, ‘पप्पा, एवढं तं मलेबी येते.’

गृहस्थांनी मोजून काढलेल्या नोटांतली एक पाचशेची परत खिशात घातली.

‘कवर तं फ्री आहे ना, भाऊ?’