झेरॉक्स काढली का, भाऊ?

अमरावतीच्या राजापेठेतलं किंवा अकोल्याच्या जठारपेठेतलं एखादं जोडपं पहिल्यांदा परदेशी निघालं, की ती बातमी सख्ख्या नातेवाइकांच्या आधी ज्यांच्या कानावर जाते, ते भाऊ तुम्हाला ठाऊक आहेतच. ओळख करून देण्यात जागा घालवत नाही. कृषी सेवा केंद्र त्यांचं स्वतःचं असतं, नाहीतर साडूचं असतं. बियाण्यांचं टार्गेट पूर्ण केलं म्हणून कंपनीने त्यांना एकदा बँकॉक-पटाया दाखवून आणलेलं असतं, आणि तेव्हापासून परदेश हे खातं कायमचं त्यांच्याकडे आहे. ते चहाला येतात, खुर्ची पंख्याखाली ओढतात आणि विचारतात, "पासपोर्टची झेरॉक्स काढली का, भाऊ?" काढली म्हणावं तर "किती?" दोन म्हणावं तर त्यांना आपली कीव येते. "दोनानं काय होते? एक बॅगेत, एक खिशात, एक वहिनीजवळ, एक घरी कपाटात, एक जावयाजवळ." मग तिकिटाची झेरॉक्स, व्हिसाची झेरॉक्स, हॉटेलच्या कागदाची झेरॉक्स, आणि बँकॉकच्या विमानतळावर ज्याला काडीची किंमत नाही त्या आधार कार्डाचीही, दोन्ही बाजूंनी.

माणूस मूर्ख आहे, असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच, की तो फक्त त्याच गोष्टींचा सल्ला देतो ज्या त्या दौऱ्यात त्याच्या स्वतःच्या वाट्याला आल्या. तिकीट कंपनीने काढलं, कागदपत्रं कंपनीने भरली, हॉटेल कंपनीचं, बस कंपनीची, आणि पुढे झेंडी घेऊन चालणारा पोरगाही कंपनीचाच. भाऊंच्या वाट्याला बॅग उचलणं, भूक लागणं आणि मागितला की पासपोर्ट काढून देणं एवढंच आलं. म्हणून त्यांचा सारा सल्ला बॅग, भूक आणि झेरॉक्स या तिघांभोवती फिरतो. डीलर मंडळींच्या भरल्या बसमध्ये तो पुरलाही असेल. पण नवरा-बायको दोघंच निघतात तेव्हा पुढे झेंडीवाला नसतो, आणि घोळ नेमका तिथेच होतो जिथे भाऊंना कधी हात लावावा लागला नव्हता.

आधी भुकेचं बघू, कारण भाऊंचा जीव सगळ्यात जास्त तिथे अडकलेला आहे. "वहिनी, तिथं खायले काहीच भेटत नाही. मी तं नुसत्या ब्रेडवर दिवस काढले," असं म्हणून ते यादी सांगायला लागतात आणि वहिनी लिहून घेतात. लाल तिखट जवळच्या पिशवीत ठेवा, लागलं की हाताशी असते. आता मिरचीपूड विमानाच्या केबिनमध्ये नेता येत नाही. सुरक्षा तपासणीत ती शस्त्रासारखी धरतात, आणि वऱ्हाडी तिखटाची चव घेतलेल्या कुणालाही हा नियम अन्यायाचा वाटणार नाही. तिची जागा मोठ्या बॅगेत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मोठ्या बॅगेत टाका, असं भाऊ म्हणतात. पण त्यातल्या तेलामुळे ते पेट घेतं म्हणून मार्च २०२२ पासून आपल्याकडे चेक-इन सामानात त्याला बंदी आहे. ठेच्याची बरणी हातात घ्या म्हणतात; पण ओला, तेलकट, पळीने वाढायचा पदार्थ तपासणीवाले द्रवात मोजतात, आणि २००६ पासून हातातल्या सामानात १०० मिलीलिटरपुढच्या द्रवाला जगभर बहुतेक विमानतळांवर अडवतात. मोबाइलची पॉवर बँक मोठ्या बॅगेत खाली घाला म्हणतात, आणि तिला तर तिथे मुळीच जागा नाही, ती हातातच हवी. म्हणजे भाऊंची यादी टाकाऊ नाही, फक्त दोन बॅगांची अदलाबदल झालेली आहे.

खरी काळजीची गोष्ट फराळाच्या डब्यात असते. दिवाळीनंतर दुबईला निघालेलं जोडपं मुलाकडे किंवा भाच्याकडे अनारसे नेतं. अनारशाला खसखस लावलेली असते, आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या खात्यात मोडते. ती नेल्याबद्दल तिथे माणसं गजाआड गेलेली आहेत. आपल्याकडे पोराला झोप यावी म्हणून आजी दुधात उगाळून देते ती ही खसखस, असा युक्तिवाद तिथल्या कस्टमवाल्यापुढे चालत नाही. तीच गत खर्ऱ्याची. सिंगापूरने १९९२ पासून च्युइंगम आणायला बंदी केली, ही कथा भाऊ मिटक्या मारत सांगतात. पण तंबाखू खाण्यासाठी आणायलाही तिथे बंदी आहे, हे सांगताना त्यांच्या स्वतःच्या गालात काय असतं ते आपण पाहतोच. युरोपात दूधदुभत्याचे पदार्थ बाहेरून आणता येत नाहीत, त्यामुळे पेढे आणि तूप घरीच ठेवायचं. ऑस्ट्रेलियात खाण्याची प्रत्येक वस्तू अर्जावर लिहून जाहीर करावी लागते आणि लपवली तर जबर दंड होतो. यावर भाऊंचा तोडगा तयार असतो: "डब्यावर 'प्रसाद' लिहून द्या." आणि बिलाची झेरॉक्स सोबत.

कुणी म्हणेल, पोटाची थट्टा करू नका; साठीला आलेल्या, मांसाहाराचा वासही न सोसणाऱ्या वहिनींनी परक्या मुलखात काय खावं? आक्षेप बरोबर आहे. म्हणूनच खाणं न्यावं, फक्त कोरडं आणि बिनवादाचं न्यावं: चिवडा, शेव, भाजलेले दाणे, जवसाची चटणी, धपाटे. शिवाय थायलंड, मलेशिया, सिंगापूर, दुबई या पहिल्या वारीच्या ठिकाणी गावोगावी भारतीय खाणावळी आहेत. तिथे वरण-भात मिळतो, फक्त त्याला फोडणी वऱ्हाडी नसते. भाऊंनी ब्रेडवर दिवस काढले, कारण डीलर मंडळींच्या त्या बसमधून खाली उतरून दोन गल्ल्या चालण्याची मुभा त्यांना नव्हती. हे ते सांगत नाहीत.

ज्याबद्दल ते अवाक्षर काढत नाहीत, त्या तारखांकडे आणि नावांकडे आता येऊ. मुंबईहून सुटणारी बरीच आंतरराष्ट्रीय विमानं मध्यरात्रीनंतरची. तिकिटावर तारीख १२ आणि वेळ ००:४० असेल, तर तुम्ही विमानतळावर ११ च्या रात्री जेवणाच्या वेळीच हवेत, म्हणजे अमरावती एक्सप्रेस १० च्या संध्याकाळी धरायला हवी. जे जोडपं "विमान बारा तारखेचं" असं घोकत ११ च्या गाडीत बसतं, ते सकाळी दादरला उतरतं तेव्हा त्यांचं विमान कधीचं गेलेलं असतं. १६ एप्रिल २०२५ ला बेलोरा विमानतळाहून मुंबईची विमानसेवा सुरू झाली, तेव्हापासून अमरावतीचे भाऊ रेल्वेचं नाव घ्यायला तयार नाहीत. अकोल्याचे भाऊ शिवणी विमानतळाच्या धावपट्टीचा विषय निघाला की पाणी मागतात. पण विमानानं मुंबई गाठली तरी तारखेचं गणित तेच राहतं. नावाचंही तसंच आहे. लग्नाआधी काढलेल्या पासपोर्टावर वहिनींचं माहेरचं नाव असेल तर बिघडत नाही, फक्त तिकीटही त्याच नावाचं, त्याच स्पेलिंगचं काढायचं. सासरच्या नावाने तिकीट काढून दिलेली भेट काउंटरवरच परत येते. पासपोर्टावर आडनावाचा रकाना रिकामा आणि नुसतं एकच नाव असेल, तर अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून अशा पर्यटकांना अडवायला सुरुवात केली आहे. आपल्याकडच्या जुन्या पिढीत असे पासपोर्ट कमी नाहीत. आणि प्रवासाच्या तारखेपासून पासपोर्टाची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी, ही बहुतेक देशांची अट. भाऊ पासपोर्टची पाच वेळा झेरॉक्स काढायला लावतात, पण त्यावरची मुदतीची तारीख एकदाही वाचायला सांगत नाहीत.

दुसरा आक्षेप तरुण मंडळींचा: आता सगळं मोबाइलवर दिसतं, ट्रॅव्हल कंपनी सगळं करून देते, मग हे भाऊ हवेत कशाला? मोबाइलवर दिसतं हे खरं, पण खोटंही तितकंच ठळक दिसतं. थायलंडने १ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला आगमनाचं डिजिटल कार्ड सक्तीचं केलं. ते सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतं, आणि त्याच नावासारख्या दिसणाऱ्या खासगी जागांवर पैसे मोजून. साठीच्या माणसाला यातला फरक पडद्यावर ओळखू येत नाही. कंपनी करून देते हेही खरं, पण पैसे भरेपर्यंत तिचा फोन लगेच उचलला जातो. टूरच्या बिलावर घेतलेला टीसीएस हा कर आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, हे तुम्ही विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. रात्री अकरा वाजता "बॅगेचं कुलूप कोणतं लावू?" असं विचारायला माणूस लागतो, आणि त्या वेळी फोन उचलणारे भाऊच असतात. "टेन्शन नोका घेऊ, मी आहो ना," हे वाक्य कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेलं नाही.

मला वाटतं भाऊंची गरज याहूनही वेगळ्या कारणाने लागते. वऱ्हाड परदेशाला नवखा नाही. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे १९०८ साली टिळकांच्या शिक्षेविरुद्ध प्रिव्ही कौन्सिलकडे दाद मागायला विलायतेला गेले आणि १९१० मध्ये परतले. पापळचे पंजाबराव देशमुख उच्च शिक्षणासाठी गेले. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारखे आपले देशी खेळ करून दाखवले. यातला प्रत्येक जण काहीतरी कामासाठी गेला. आपल्याकडे कामाशिवाय, नुसतं हिंडायला, तेही बायकोला घेऊन समुद्र ओलांडण्याची रीत नव्हती, आणि आजही जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या मास्तरांना ग्रॅच्युइटीतून बायकोसोबत सिंगापूरला जातो आहे हे सांगताना थोडं ओशाळायला होतं. भाऊ येतात, याद्या करतात, कुलपं मोजतात, झेरॉक्सचा गठ्ठा बांधायला लावतात, आणि त्या सहलीला मोहिमेचं स्वरूप येतं. मोहिमेवर निघालेल्या माणसाला शेजारीपाजारी चैन करतो म्हणत नाहीत. ही सोय फार मोलाची आहे, आणि भाऊ तिचे पैसे घेत नाहीत.

इतकं लिहून झाल्यावर नाइलाजाने एक मान्य करावं लागतं: झेरॉक्सच्या बाबतीत भाऊ बरोबर आहेत. परदेशात पासपोर्ट हरवला तर आधी तिथल्या पोलिसांत तक्रार द्यावी लागते, मग आपल्या दूतावासातून परतीपुरतं तातडीचं प्रमाणपत्र मिळवावं लागतं, आणि त्या दोन्ही ठिकाणी पासपोर्टाच्या पहिल्या-शेवटच्या पानाची प्रत हातात असली की निम्मं काम होतं. मोबाइलमधला फोटो मोबाइलसकट चोरीला जातो. वहिनींच्या पर्समधली झेरॉक्स राहते. भाऊंना हे कारण माहीत नसतं. त्यांच्या दौऱ्यात कुणाचाच पासपोर्ट हरवला नव्हता. त्यांना एवढंच कळतं, की जी वस्तू गमावून चालणार नाही तिची दुसरी प्रत असावी.

पण भाऊंच्या घरच्या वहिनी या सगळ्यात कुठे असतात? कंपनी डीलरला नेते, डीलरच्या बायकोला नेत नाही. "पुढच्या साली आपण दोघं जाऊ" म्हणून भाऊंनी परत आल्यावर हौसेने बायकोचाही पासपोर्ट काढलेला असतो. मग २०१७ ला कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली आणि गावभरची उधारी अडकली. मग करोना. मग पोरीचं लग्न. मग सोयाबीनचा भाव. दहा वर्षांच्या मुदतीचा तो पासपोर्ट कपाटात कोरा पडून राहतो, आणि वहिनी दुसऱ्यांच्या बायकांसाठी चिवड्याच्या पुड्या बांधून भाऊंच्या हाती पाठवतात. त्यांना स्वतःला कुणी विचारलेलं नसतं, की वहिनी, तुम्हाला कुठं जायचं आहे?

म्हणून पहिली वारी करून परतलेल्या जोडप्यांना एक विनंती आहे. भाऊंसाठी चॉकलेटचा डबा आणि फ्रिजला चिकटणारा आयफेल टॉवर आणू नका. दुसऱ्या वारीला त्या दोघांना सोबत घ्या. यादी भाऊंना करू द्या, तारखा आणि नावं तुम्ही तपासा. आणि तिकीट काढण्याआधी वहिनींच्या पासपोर्टाची मुदत बघा. तो २०१६ चा असेल तर त्याचं नूतनीकरण आधी करावं लागेल.