आगळ गळलं, खोबरं अडलं

"काय गो, ती साडी तिसऱ्यांदा दोरीवर दिसत्येय?"

"कोकमाच्या आगळाचा डाग आहे, काकू. दिल्लीला लेकीकडे नेलेलं. अर्धं तिच्या सोलकढीत गेलं, अर्धं माझ्या पदरात."

"झाकण नीट लावलं नसशील."

"ह्यांनी स्वतः पिळून बसवलं होतं, वर चिकटपट्टी. बाटल्या दोन होत्या. गळ्यापर्यंत भरलेली कोरडी ठणठणीत राहिली आणि अर्धी होती तीच गळली!"

"हे उलटंच हो. भरलेली सांडायची ना?"

"मीही तेच म्हटलं. तर जावई म्हणाले, दोष आगळाचा नाही, बाटलीतल्या हवेचा. विमान वर गेलं की विमानातली हवा विरळ होते, पार सात-आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावी तशी. आपण बसतो तिथेही आणि खाली बॅगा ठेवतात तिथेही. महाबळेश्वर साडेचार हजार, म्हणजे बघा! बाटली आपण बंद करतो इथे सावंतवाडीत. तिच्यातली हवा वर गेल्यावर फुगते आणि झाकणातून आगळ बाहेर ढकलते. त्यात बॅग आडवी."

"मग करायचं काय?"

"बाटली प्लास्टिकची घ्यायची, दाबून हवा काढायची आणि दाबलेली असतानाच झाकण फिरवायचं. झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा, प्रत्येक बाटलीला वेगळी पिशवी आणि सगळं कपड्यांच्या मधोमध. जुन्या टॉवेलात हो, माझ्यासारखं चांगल्या साडीत नव्हे. तुपाची बरणी मात्र फ्रीजमध्ये घट्ट करून नेली होती, तिने काही त्रास दिला नाही."

"आणि जावयाची फेणी? खोटं बोलू नकोस, तुझ्या भावाने दिलेली मला ठाऊक आहे."

"हळू बोला! दुकानातली सीलबंद होती, म्हणून गेली. चोवीस ते सत्तर टक्क्यांमधली दारू माणशी पाच लिटरपर्यंत चालते म्हणे. सत्तरच्या वर अजिबात नाही. भाऊ बिसलेरीच्या बाटलीत भट्टीवरची देत होता, ती मी घेतलीच नाही. पाच लिटर नेतंय कोण? पंधरा किलोत बॅग बसवायची, त्यात चार किलो तांदूळ."

"म्हणजे आगळ गेलं, तूप गेलं, फेणीसुद्धा गेली. सगळं पातळ विमानात चढलं."

"आणि अडलं काय? सुकं खोबरं! काऊंटरवरच्या मुलीने विचारलं, बॅगेत पॉवर बँक, लायटर, खोबरं आहे का? मला वाटलं थट्टा करत्येय. पॉवर बँक हातातल्या पर्समध्ये चालते, पण खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत नाहीच. त्यात तेल इतकं असतं, की ढिगात आपसूक तापून पेट घेऊ शकतं म्हणे."

"अगो, माझ्या माळ्यावर पोतं आहे!"

"असू दे हो, तुमचा माळा कुठे उडतोय? तिथेच बॅग उघडली, दोन किलो वाट्या काढल्या. भाऊ सोडायला आला होता म्हणून बरं, त्याच्याबरोबर परत पाठवल्या."

"चांगलं खोबरं फुकट गेलं असतं."

"जाईल कसं? काल तुम्हाला वाटीभर चटणी पाठवली ती कसली होती?"

"तरीच! मी म्हटलं, ही दिल्लीहून आली आणि आल्या आल्या एवढी उदार कशी झाली?"