सोळा बाय दहाचा स्पीकर

स्पीकरचं किट आणून घरीच जोडायचं ठरवलेल्या माणसाला वूफरचा कोन कागदाचा की केव्हलारचा, ट्वीटरचा घुमट रेशमाचा की ॲल्युमिनियमचा, खालचे-वरचे स्वर वूफर-ट्वीटरमध्ये वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरमधल्या कॉइलला लोखंडी गाभा आहे की नाही, हे सगळं तोंडपाठ असतं. त्याला फक्त एक विचारावं, की बाबा रे, हे खोकं ठेवलंस की त्याच्या पाठीशी भिंत किती इंचांवर येणार? मग तो जरा घुटमळतो आणि ‘ते बघू की नंतर’ म्हणतो. माझं म्हणणं, ‘ते’ आधी बघावं आणि कोन-घुमट नंतर. मुंबई-पुण्याकडच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमधला हॉल शोकेस, सोफा, शू-रॅक, देव्हारा, डायनिंग टेबल आणि लग्नात आलेलं, कोणालाच न आवडलेलं एक पितळी हरीण, एवढ्यांची सोय व्हावी म्हणून बांधलेला असतो. संगीत त्या यादीत नसतं. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला सरकत्या काचेची खिडकी, दुसऱ्या बाजूला भिंतच नाही, थेट स्वयंपाकघराकडे जाणारा पॅसेज. म्हणजे डाव्या स्पीकरच्या शेजारी काच आणि उजव्याच्या शेजारी कुकर. अशा ठिकाणी किट हॉलच निवडतो, तुम्ही फक्त पैसे भरता. आणि हॉलची निवड बहुतेक वेळा एकच असते: लहान, बंद खोक्याचा, भिंतीजवळ नांदू शकणारा स्पीकर.

हे नुसतं मत नाही, साधा भागाकार आहे. आवाज सेकंदाला सुमारे 1130 फूट जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अडकून घुमणारा सगळ्यात खालचा स्वर काढायचा असेल, तर 565 ला त्या भिंतींमधल्या अंतराच्या फुटांनी भागायचं. हॉल 16 बाय 10 आणि स्लॅब साडेनऊ फुटांवर धरला, तर लांबीचा स्वर येतो 35 हर्ट्झ, रुंदीचा 56 आणि उंचीचा 59. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी ठेवण्याची बिल्डर मंडळींची जी हातोटी आहे, तिच्यामुळे हे शेवटचे दोन एकमेकांच्या उरावर बसतात. शिवाय 35 ची दुप्पट 70, तोही स्वर लांबीला सापडतोच. या मोजक्या स्वरांवर हॉल स्वतःच गायला लागतो, मग स्पीकर कितीही लाखाचा असो. त्यातून आपला सोफा भिंतीला टेकलेला असतो, आणि लांबीच्या दिशेचे हे दोन्ही स्वर नेमके भिंतीपाशीच सगळ्यात जोरात असतात. हॉलच्या बरोबर मध्यावर सतरंजी टाकून बसणाऱ्याला मात्र त्या 35 चा पत्ताही लागत नाही. वूफर तोच, गाणं तेच, बदलली ती बैठक. तेव्हा ‘या किटचा बास कसा आहे हो?’ या प्रश्नाला ‘तुम्ही बसता कुठे?’ हा प्रतिप्रश्न उद्धट वाटला तरी एवढंच प्रामाणिक उत्तर आहे.

भिंतीचा दुसरा उपद्व्याप याहून सूक्ष्म आहे, आणि किट निवडताना खरा घात तिथेच होतो. आठ इंच रुंदीचं खोकं घ्या. वरचे स्वर त्याच्या पुढच्या फळीवरून सरळ समोर येतात. पण पाच-सहाशे हर्ट्झच्या खाली आवाज खोक्याला वळसा घालून मागेही पसरायला लागतो आणि समोरच्याच्या वाट्याला तो तब्बल 6 डेसिबलपर्यंत कमी येतो. चांगला किटकर्ता हे जाणून क्रॉसओव्हरमध्ये खालच्या स्वरांना तेवढी भरपाई देऊन ठेवतो. त्याचा हिशोब अचूक असतो, फक्त तो स्पीकर भिंतीपासून चार फूट पुढे उभा आहे असं धरून केलेला असतो. आपण तो शोकेसच्या कप्प्यात, भिंतीला पाठ लावून ठेवतो. मग मागे गेलेला आवाज भिंत इमानेइतबारे परत पाठवते आणि भरपाई दोनदा मिळते. सरकारकडून मिळालेली अशी दुहेरी भरपाई कोणी परत करत नाही, पण इथे ती परत करावीच लागते. नाहीतर बातम्या देणारा गृहस्थ घागरीत तोंड घालून बोलतोय असं वाटायला लागतं. भिंतींचा हा परिणाम रॉय ॲलिसन या अमेरिकन अभियंत्याने 1974 मध्येच मोजून मांडला होता, आणि भिंतीला लागूनच ठेवायचे स्पीकर पुढे काढलेही. पन्नास वर्षं झाली; आपल्या शोकेसपर्यंत ते अजून पोचायचं आहे.

आता बंद खोकंच का? खोक्याला नळीचं भोक असलं की वूफर थोडा आणखी खाली उतरतो, आणि नेमका त्या मुलखात उतरतो जिथे हॉल आधीच घुमत बसलाय. नळी पाठीमागे असली आणि तिच्यामागे दोन इंचांवर भिंत, तर विचारूच नका. जाणती माणसं त्या भोकात जुना मोजा कोंबतात. हा उपाय चालतो, पण मोजा कोंबायचाच होता तर भोकाचे पैसे कशाला दिले? बंद खोक्याचा आवाज खाली हळूहळू मावळतो, दर सप्तकाला 12 डेसिबल. नळीवाल्याचा 24 ने कोसळतो. जवळची भिंत ज्या उतारावर हात देते तो पहिला. लहान बंद खोक्यातूनही भरीव बास निघतो हे एडगर व्हिलचर या अमेरिकन संशोधकाने 1954 मध्ये दाखवून दिलं, आणि त्याच्याच गोतावळ्यातल्या हेन्री क्लॉसने पुढे ज्यांच्याबरोबर कंपनी काढली त्या हॉफमनच्या नावाने एक कडक नियमही प्रसिद्ध आहे: लहान खोकं, खोल बास आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज, या तिन्हीतल्या दोनच गोष्टी मिळतील, तिसरी सोडा. फ्लॅटमध्ये लहान खोकं सोडता येत नाही, हे घरातल्या बहुमताने आधीच ठरलेलं असतं. पण सगळ्यात बोलका दाखला बीबीसीचा. त्यांना 1970 च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत बसून आवाज तपासायला स्पीकर हवा होता. गाडी म्हणजे पत्र्याची खोली, भिंती कानाजवळ, जागा शून्य. त्या अवघड ‘हॉल’साठी त्यांनी जे केलं ते एलएस3/5ए: एक फूट उंच, बंद, आत पाच इंची वूफर. 80 हर्ट्झच्या आसपास त्याचा बास संपत येतो, आणि तरीही पन्नास वर्षं लोक त्याच्या नकला करताहेत, किटच्या रूपातसुद्धा.

इथे पहिला आक्षेप येणारच: पाच इंची वूफरमधून बास तो काय येणार? हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या कानात बहुधा मिरवणुकीतली डॉल्बी असते, आणि तिचा मुक्काम मोकळ्या रस्त्यावर असतो, सोफ्यापासून आठ फुटांवर नव्हे. घरात आपण खरोखर काय ऐकतो ते बघा. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक धरला तर तो सुमारे 139 हर्ट्झ. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे 69. बाई काळी चारला गात असतील तर खर्ज 104 च्या घरात. ख्याल असो, नाट्यगीत असो, अभंग असो, 60 च्या खाली आपली वस्ती फारशी नाहीच. डग्ग्याची घुमार उरतेच, तिचा बराचसा भाग या वूफरच्या आवाक्यात आहे. आणि तंबोऱ्याची श्रीमंती त्या 69 मध्ये असते थोडीच? ती तारेतून वर उमटणाऱ्या स्वरांत असते. ज्या स्वयंभू गांधारासाठी जाणकार डोळे मिटतात तो खर्जाच्या पाचपटीला, साधारण 346 हर्ट्झवर भेटतो. म्हणजे बरोबर त्या पट्ट्यात, जिथे दुहेरी भरपाईने चिखल होतो! त्यात 16 फुटी हॉलचा 70 चा स्वर खर्जाच्या 69 ला जवळजवळ भिडलेला. त्याला आणखी पंप मारणारा आठ इंची वूफर आणला तर तंबोरा बाजूला राहील आणि हॉल वाजेल. पाश्चात्त्य ऑर्गनची बत्तीस फुटी नळी 16 हर्ट्झपर्यंत उतरते हे खरं. ज्यांना ती रोज संध्याकाळी ऐकायची असेल त्यांनी हा लेख इथेच सोडावा, आणि शक्य तर फ्लॅटही.

दुसऱ्या जातीचे आक्षेपक जास्त अभ्यासू असतात. ते म्हणतात, भिंतीशी एवढं वाकडं असेल तर खोकंच नको; सीगफ्रीड लिंकविट्झ या अभियंत्याने केले तसे नुसत्या फळीवरचे उघडे स्पीकर जोडा, ते बाजूला आवाज फेकतच नाहीत. अगदी बरोबर, आणि ऐकायला विलक्षण असतात म्हणूनच त्यांचा एवढा बोलबाला आहे. फक्त त्यांना पाठीमागे किमान तीन-साडेतीन फूट मोकळी जागा लागते. 16 फुटांतले साडेतीन स्पीकरच्या मागे दिले की शू-रॅक तिथे सरकणार, शू-रॅकमागे सायकल, आणि दिवाळीपर्यंत तिथे स्टोअर रूम तयार. पॉल क्लिप्श या अमेरिकन अभियंत्याने 1946 मध्ये उलटी युक्ती काढली, कोपऱ्यालाच भोंग्याचा भाग करून टाकला. त्यासाठी हॉलचे दोन कोपरे रिकामे हवेत. मराठी घरात एक जरी रिकामा सापडला तरी तिथे आधी कुंडी येते. तिसरा उपाय आधुनिक आहे: मायक्रोफोन लावा, डीएसपीला, म्हणजे आवाजावर आकडेमोडीने संस्कार करणाऱ्या यंत्रणेला, हॉल मोजू द्या आणि तोच सगळं सरळ करेल. डीएसपी घुमणारा स्वर खाली आणतो, हे मी मान्य करतो, मोठं काम आहे. पण जिथे स्वर विरूनच जातो तिथे कितीही ताकद ओतली तरी तो भरत नाही, आणि सोफ्याच्या एका टोकासाठी केलेली दुरुस्ती दुसऱ्या टोकाला बिघाड ठरते. त्या टोकाला सासूबाई बसत असतील तर दुरुस्तीचं राजकारण होतं. आणि काचेवरून, फरशीवरून परतणारा कल्लोळ तर डीएसपीच्या हातातच नाही.

तो कल्लोळ हे मालिका बघणाऱ्यांचंही दुखणं आहे. संवाद कळत नाही म्हणून आवाज वाढवतात. आवाजाबरोबर घुमाराही तितकाच वाढतो, म्हणून आणखी वाढवतात. यावर साउंडबार आणून फार तर संवाद एका पट्टीतून येतो, फरशी तीच राहते. उपाय जुना आहे. 1895 मध्ये हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातल्या व्याख्यानगृहात शब्द कळेनात, तेव्हा वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाने सँडर्स थिएटरमधल्या बैठकीच्या उशा रात्रीच्या शांततेत वाहून आणल्या आणि ऑर्गनची एक नळी वाजवून, स्टॉपवॉच धरून, किती उशांनी किती घुमारा मरतो ते मोजलं. एक माणूस साधारण सहा उशांइतका आवाज पितो, असंही त्याला आढळलं. या हिशोबाने चार पाहुणे म्हणजे चोवीस उशा. पाहुण्यांचा हा एक फायदा शास्त्राने सिद्ध झालेला आहे. अडचण एवढीच की ते बोलतात. म्हणून जाड, चुण्या पडलेला पडदा आणि स्पीकर व सोफा यांच्यामधल्या फरशीवर सतरंजी बरी. किटच्या अंदाजपत्रकात हे दोन खर्च पहिल्या ओळीला हवेत. भारी कंडेन्सरपेक्षा पडदा जास्त ऐकू येतो, हे मी कोणत्याही कंडेन्सरभक्तासमोर म्हणायला तयार आहे.

‘मग एवढ्या खटाटोपापेक्षा तयार लहान स्पीकरच का घेऊ नये?’ हा आक्षेप वजनदार आहे, कारण किट स्वस्त पडतं ही बहुतांशी दंतकथा आहे. वूफर-ट्वीटर परदेशातून मागवले की त्यावर शुल्क. खोक्याच्या फळ्याही मागवल्या तर लाकडाच्या वजनाचं विमानभाडं. फळ्या इथेच कापून घ्याव्यात, आणि त्या संगणकावर चालणाऱ्या राउटरने. आपला सुतार सुतात मोजतो, इंचाचे आठ सूत, आणि स्वयंपाकघराच्या कपाटाला एक सूत इकडेतिकडे चालून जातं. वूफरच्या गोल खाचेत एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरची फट, आणि बंद खोक्याला तेवढी फट म्हणजे ते बंद राहिलंच नाही. जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर तर आपल्या घरात एमडीएफचे करूच नयेत. रोज फरशी पुसताना ओलं फडकं त्यांच्या पायथ्याला लागतं, फळीची उघडी कड ते पाणी पिते, आणि एका पावसाळ्यात खालचे दोन इंच पावासारखे फुगतात. पैसे वाचत नाहीत, कष्ट वाढतात, हे सगळं खरं धरूनही किटच्या बाजूने एक मुद्दा उरतो आणि मला तो पुरतो. तयार स्पीकर बनवणाऱ्याला तुमची भिंत माहीत नसते, म्हणून तो सरासरी भिंत धरतो. किटचा क्रॉसओव्हर मात्र तुमच्या हाताखाली उघडा असतो. वूफरची कॉइल थोडी लहान, ट्वीटरच्या आधीचा रेझिस्टर थोड्या कमी ओहमचा, एवढ्याने ती दुहेरी भरपाई परत करता येते. मनाने काहीतरी डकवायचं नाही. त्याने वूफर-ट्वीटरचा मेळ तुटतो. भिंतीजवळ ठेवण्यासाठीचे वेगळे आकडे ज्या किटकर्त्याने दिले आहेत, त्याचंच किट घ्यायचं. ते भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतात आणि डिनरच्या एका बिलापेक्षा कमी पैशात येतात.

तेव्हा आधी हॉल फुटांत मोजा, 565 ला भागा, सोफा भिंतीपासून फूटभर पुढे घेण्याची परवानगी घरात मिळते का ते विचारा, पडद्याचं कापड बघून या, आणि मगच किटची पानं उलटा. ट्वीटरवर जाळी असलेलं घ्या. घरात लहान मूल असेल तर रेशमी घुमटात बोट जाणारच. आणि इतकं करूनही पाच इंची वूफर घ्यावा की साडेसहा इंची, असा प्रश्न उरलाच, तर पाच इंची घ्या.